मामांवरची फुली

"हद्द पुसली! कुमुद, अगं हद्द पुसली!"

नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीतून मामांचा हा आवाज आला तेव्हा मी ओसरीवर पणत्या लावत होते. आमच्या भागात सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. हातातली तेलाची बुधली तशीच टाकून मी न्हाणीकडे धावले आणि दाराशी थबकले. आत मामा अंघोळीला बसलेले, मी त्यांची सून. पुढे जायची सोय नव्हती.

"काय झालं मामा? पडलात का?"

"पडलो असतो तर उठलो असतो. हद्द पुसली म्हणतोय मी! चारी बाजूंच्या खुणा गेल्या. तुझ्या आत्यांनी सगळं शिवार सपाट केलं!"

"उटणं लावलं मी," आतून आत्यांचा शांत आवाज आला. "दिवाळीला नवऱ्याला उटणं लावत्यात. त्यात काय बिघडलं?"

रस्त्याने जाणारा कुणी हे ऐकता तर पोट धरून हसला असता. मला मात्र हसू येईना. कारण ही हद्द म्हणजे मामांच्या डाव्या खुब्यावर मिरजेच्या डॉक्टरांनी जांभळ्या शाईने काढलेली फुली होती, आणि तिच्या चारी बाजूंच्या रेघा. ती पुसायची नाही म्हणून आम्हाला दहा वेळा बजावलं होतं.

मामा म्हणजे मनोहर हिंगमिरे, निवृत्त भूकरमापक. उभा जन्म त्यांनी तालुक्यातल्या जमिनी मोजण्यात घालवला. भाऊ-भाऊ कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे असायचे आणि हे मधोमध उन्हात उभे राहून म्हणायचे, "मी माझ्या पदरचं काही सांगत नाही. साखळी सांगते ते सांगतो." कुऱ्हाडीला न भिणारा हा माणूस लाजेला मात्र फार भ्यायचा. मी ताट वाढायला गेले तरी सदऱ्याचं वरचं बटण लावून घ्यायचे. अशा माणसाला रोग झाला तोही नेमका सुनेसमोर नाव घेता येणार नाही अशा जागी. प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर. आणि कळला तेव्हा तो मूळ जागा सोडून डाव्या खुब्याच्या हाडात जाऊन बसला होता.

माझे यजमान शशिकांत साखर कारखान्यात केमिस्ट. त्यांचा हंगाम तोंडावर आलेला. शिवाय दवाखान्याच्या नुसत्या वासाने त्यांना घेरी येते, त्यामुळे ते पेशंटला सांभाळणार की पेशंट त्यांना, हा प्रश्नच होता. म्हणून मामांना घेऊन मिरजेला जायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच दिवशी डॉक्टर खोत बाईंनी सरळ विचारलं, "लघवीला त्रास कधीपासून होतोय?"

मामांनी छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग पुन्हा छताकडे.

"गावठाणात जरा अडचण आहे," ते म्हणाले.

"कुठे?"

"गावठाणात. पाणंद अरुंद झालीय. पाण्याला वाट नाही."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराने तोंड पुसायचं निमित्त केलं. पण बाई होत्या शेतकऱ्याच्या घरच्या. क्षणभर त्यांनी पेन गालावर टेकवलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "आणि अतिक्रमण शिवारात कुठवर गेलंय?"

मामांचा चेहरा उजळला. "डाव्या बांधापर्यंत," ते म्हणाले. "तिथं तर बिऱ्हाडच केलंय."

त्या दिवसापासून आमच्या घरात रोगाचं नाव कुणी घेतलं नाही. गावठाण, शिवार, अतिक्रमण, ताबा. एकदा शेजारच्या मालूताईंनी हे बोलणं ऐकलं आणि गावभर सांगितलं की हिंगमिऱ्यांची कोर्टात केस उभी राहिली आहे.

दुखणं मात्र कोर्टकचेरीपेक्षा वाईट होतं. गणपती बसले तेव्हापासून मामांना पाठ टेकता येत नव्हती. डाव्या कुशीवर वळायचं तर नावच नको. ते आरामखुर्चीत बसून रात्र काढायचे. नाव आरामखुर्ची, पण आराम कसला! बसल्या बसल्या डोळा लागायचा, मान कलंडायची आणि खुब्यातून अशी कळ यायची की दात आवळले तरी आवाज बाहेर पडायचा. आत्या खुर्चीच्या पायाशी सतरंजी टाकून झोपायच्या, म्हणजे झोपायच्या नाहीतच.

"एकदा आडवं होऊन निजायचंय गं, कुमुद," मामा मला म्हणायचे. "डाव्या कुशीवर. जन्मभर मी त्याच कुशीवर झोपलोय. बाकी माझी काही मागणी नाही."

डॉक्टर खोतांनी शशिकांतना आणि मला बाजूला घेऊन नीट समजावलं होतं. बी अख्ख्या शिवारात पडलंय, ते उपटता येणार नाही. पण डाव्या खुब्याला दोन आठवडे किरणांचा शेक दिला तर दुखणं हटेल. हा उपचार माणूस बरा करण्यासाठी नाही, जे दिवस आहेत ते सुखाचे जावेत म्हणून आहे. शशिकांत भिंतीला धरून ऐकत होते. घरी आल्यावर त्यांनी आत्यांना एवढंच सांगितलं, "आई, शेक द्यायचाय. आराम पडेल म्हणाल्या डॉक्टर."

आता आराम पडणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याने ठरवावं. कळ थांबली तरी आराम पडला म्हणतात आणि रोग मुळासकट गेला तरी आरामच पडतो. आत्यांनी काही विचारलं नाही. देवापुढे साखर ठेवली आणि कामाला लागल्या.

"आईला यातलं काही कळू द्यायचं नाही," शशिकांत मला म्हणाले. "खचेल ती." मामांचंही तेच म्हणणं. त्यांना सगळं ठाऊक होतं, डॉक्टरांकडून त्यांनीच खोदून खोदून काढून घेतलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून आम्ही तिघं आत्यांच्या पाठीमागे कुजबुजायचो आणि त्या समोर आल्या की एकदम शेवयांवर बोलायला लागायचो. त्या वर्षी आमच्या घरात शेवयांवर जेवढी चर्चा झाली तेवढी शेवयांच्या कारखान्यातही होत नसेल.

दिवाळीआधी निम्मा शेक झाला. दुखणं अजून तसंच होतं. वेळ लागतो, सणानंतर उरलेला देऊ, तोवर खुणा जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. साबण नाही, तेल नाही, चोळणं नाही, मशीन याच खुणांवर नेम धरतं. तेव्हा मामा छाती काढून म्हणाले होते, "डॉक्टर, हद्दीची खूण पुसणं हा गुन्हा आहे. माझ्या घरात तो होणार नाही."

आणि ऐन दिवाळीच्या पहाटे, घरातच, तो झाला होता.

"दवाखाना आता भाऊबीजेनंतर उघडणार," मी दाराबाहेरून म्हणाले. "तेव्हा डॉक्टर काढतील पुन्हा."

"कशावरून काढतील? अंदाजाने?" मामा आतून गरजले. "आणि शेक चुकून शेजारच्या गटात बसला तर? आत्ता, खुणेचा माग ताजा आहे तोवर, फेरमोजणी झाली पाहिजे. कुमुद, तुझी शिवणाची फीत आण."

मी शिलाई मशीनच्या खणातून फीत आणली. तेवढ्यात ओसरीवर ईश्वरा मंडले आला. हा मामांचा जुना साखळीवाला. नोकरीभर त्यांच्यामागे साखळी ओढत हिंडलेला. दर दिवाळीला तो पहिल्या अंघोळीच्या वेळेलाच फराळाला हजर व्हायचा.

"ईश्वरा आला का?" मामांनी आतून ओळखलं. "बरं झालं. ये आत. निशाणी गेलीय."

ईश्वराने चप्पल काढली, दोन पावलं टाकली आणि काय प्रकार आहे ते कळताच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"साहेब, वाघाच्या जबड्यात हात घालीन. पर तुमची मांडी बघायची माझी छाती न्हाई."

शेवटी असं ठरलं की आत मामा आणि आत्या मोजणी करतील आणि बाहेर दाराआड ईश्वरा आणि मी साक्षीला उभे राहू. फीत मी दाराच्या फटीतून आत सरकवली.

"फेरमोजणीला लगतधारकांना, शेजारच्या जमीनवाल्यांना, नोटीस लागते," मामा म्हणाले.

"मामा, इथं लगतधारक कोण?"

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुझ्या आत्या," मामा म्हणाले.

"लग्न झाल्यापासनं लगतच हाय मी," आत्या म्हणाल्या. "नोटीस आज येतीया."

ईश्वराने धोतराचा सोगा तोंडात कोंबला. माझे डोळे हसून हसून भरले होते, आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं.

"बेंबी हा कायम दगड, न हलणारी खूण धर," मामांनी हुकूम सोडला. "तिथून डावीकडे फीत सोड."

"कायम कुठली? पोट आत गेलंय तुमचं. बेंबी सरकलीय."

"बेंबी सरकत नसते!"

"सरकलीय. मी रोज बघते."

"साहेब," ईश्वरा भिंतीला उद्देशून म्हणाला, "त्या ओढ्याकाठच्या मळ्यात आसंच झालं हुतं. दगुड जाग्यावर, वढाच सरकलेला. आपून दोनदा मोजलं हुतं तवा."

"गप रे! किती आलं?"

आत्या फितीच्या एका अंगाने इंच वाचत होत्या, मामा सेंटिमीटर ऐकत होते. एकदा तर हद्द मामांच्या अंगावरून उतरून बादलीपाशी गेली. मध्येच फीत ओढताना धक्का लागला असावा. मामांच्या तोंडून तो आवाज आला, दात आवळूनही बाहेर पडणारा. ईश्वराने भिंतीवर कपाळ टेकलं. आत्या म्हणाल्या, "दुखलं का वो? माझा हात जड झाला." आणि मग कितीतरी वेळ नुसता पाण्याच्या थेंबांचा आवाज येत राहिला.

"ठरली जागा," अखेर मामा म्हणाले. "आता इथं फुली मार."

आत बांगड्या वाजल्या, फडकं पिळल्याचा आवाज आला.

"ऐकलंस का? फुली मार म्हणतोय."

"मी न्हाई मारायची."

"का?"

"सणासुदीचं नवऱ्याच्या अंगावर फुली मारू व्हय? मला न्हाई जमायचं."

"मग काय मारणार?"

"मारणार काय बी न्हाई. काढते. कुमुद, देवघरातलं कुंकू दे गं, पाणी घालून."

मी वाटी दिली. आत काय काढलं गेलं ते मला दिसलं नाही आणि मामांनाही दिसलं नाही, कारण त्यांना त्या अंगाला वाकता येत नव्हतं. त्यांनी ईश्वराला खात्री करायला सांगितलं. ईश्वराने डोळे गच्च मिटून दारातून मुंडकं आत घातलं, "बराबर हाय साहेब" म्हणाला आणि मुंडकं बाहेर काढलं. मग आम्ही सगळ्यांनी चकल्या खाल्ल्या.

भाऊबीज झाली आणि आम्ही जीपने मिरजेला निघालो. त्या दिवशी आत्याही निघाल्या. आजवर गुडघ्यांचं कारण सांगून त्या एकदाही आल्या नव्हत्या. सकाळी त्या नवं लुगडं नेसून जीपमध्ये आधीच जाऊन बसल्या होत्या, आणि उतरा म्हणायची आमची कुणाची हिंमत झाली नाही. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मामांची मूठ आवळायची आणि आत्या ती आपल्या मांडीवर ओढून घ्यायच्या.

दवाखान्यात नदाफ नावाचे गृहस्थ मशीन चालवत. शांत माणूस, कधी आवाज चढलेला ऐकला नाही. त्यांनी मामांना टेबलावर घेतलं. मी आणि आत्या पडद्याबाहेर बाकावर बसलो.

आत नदाफांनी चादर बाजूला केली असावी. मग ते म्हणाले, "मॅडम, जरा इकडं येता का?"

डॉक्टर खोत गेल्या.

"हे काय आहे?"

"स्वस्तिक दिसतंय, मॅडम."

"आणि हे इकडे?"

"लक्ष्मीची पावलं. खुब्याकडं निघालेली."

"काय?" मामा टेबलावरून ओरडले. "मी फुली सांगितली होती!"

डॉक्टर पडदा सारून बाहेर आल्या. चेहरा गंभीर ठेवायची त्यांची धडपड चालली होती. "कुमुदताई, पहिली खूण कुठे गेली? इतकी स्वच्छ कशी पुसली?"

मी काही बोलायच्या आत मामांचा आवाज आला. "नैसर्गिक झीज, डॉक्टर. उटण्यामुळे. कुणाचा दोष नाही."

आत्या बाकावरून उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाल्या आणि पडद्याच्या आत गेल्या. मी पडदा धरून उभी राहिले. मला मामांचा फक्त चेहरा दिसत होता.

"उटण्यानं न्हाई गेली," आत्या म्हणाल्या. "मी पुसली. खोबरेल लावून, मऊ फडक्यानं. उटणं मागनं लावलं, ह्यांना कळू नये म्हणून. मुद्दाम पुसली मी."

"मुद्दाम?" डॉक्टर म्हणाल्या. "अहो आजी, का?"

"फुली कशावर मारत्यात, बाई? चुकलेल्या गणितावर मारत्यात. नासलेल्या पोत्यावर मारत्यात. ज्याचा उपेग संपला त्याच्यावर मारत्यात. ह्यांना तुम्ही फुली मारून घरी पाठवलं त्याच दिवशी मला कळलं. घरातली ही तिघं मला शेवयांच्या गोष्टी सांगत्यात. मी काय खुळी हाय? दात बी माझे, ओठ बी माझे, बोलू कुणाला? तुमच्या हिशेबातनं माझा माणूस गेला असंल. माझ्या न्हाई गेला. म्हणून पुसली."

मामा छताकडे बघत होते. त्यांच्या डोळ्याच्या कडेने पाणी कानाकडे ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. मला तिथल्या तिथे आत्यांचे पाय धरावेसे वाटले.

"मला एवढं सांगा," आत्या म्हणाल्या. "आराम पडंल म्हणालात. कुठला आराम?"

डॉक्टरांनी मामांकडे पाहिलं.

"सांगा," मामा म्हणाले. "लगतधारकापासून मोजणी लपवता येत नाही. आम्ही लपवली, ते बेकायदा झालं."

डॉक्टर खोतांनी एक स्टूल ओढून त्यावर आत्यांना बसवलं, स्वतः समोर वाकून उभ्या राहिल्या. "रोग जाणार नाही, आजी. तो आता कुणालाच काढता येणार नाही. दुखणं थांबावं एवढ्यासाठी आम्ही हे करतोय. झोप लागावी म्हणून."

"डाव्या कुशीवर?"

"अगदी खात्री देत नाही. पण बहुतेकांना लागते."

आत्यांनी पदर डोळ्यांना लावला, खसकन ओढून घेतला, पुन्हा लावला. मग त्यांचा आवाज चढला. "मग एवढंच सांगायचं हुतं की! मी कुठं म्हणलं, अमर करून द्या? बसून निजतोय हा माणूस. घोड्यासारखा. गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी गेली. मी काय शेक नको म्हणणार हुते?" त्या उठल्या. "मारा फुली. दुखण्यावर मारा. चांगली दाबून मारा."

"हरकत मागे घेतली असं समजावं का?" मामांनी विचारलं.

"गप पडा तुम्ही," आत्या म्हणाल्या आणि मामांचे डोळे पदराने पुसले.

डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढून नव्याने खुणा केल्या. आमची फेरमोजणी चार बोटं चुकली होती. मामांच्या मते चूक फितीची होती, आत्यांच्या मते बेंबीची.

मशीन सुरू करायची वेळ आली आणि नदाफांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. आत्या जागच्या हलेनात.

"आजी, आत फक्त पेशंट थांबतो. नाहीतर तुम्हालाही शेक बसेल."

"बसू दे. माझेबी गुडघे दुखत्यात."

नदाफांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी आत्यांच्या खांद्याला धरून त्यांना बाहेर आणलं. बाहेरच्या छोट्या पडद्यावर आतल्या टेबलावरचे मामा दिसत होते, एकटे, छतावरच्या यंत्राकडे तोंड करून पडलेले. आत्या पडद्याला नाक लावून उभ्या राहिल्या.

"टीव्हीत दिसताय वो!" त्या ओरडल्या. "हलू नका! सरळ पडा!"

जाड दारापलीकडे ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण मामा जरासे सरळ झाले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मामा पुढच्या चैत्रात गेले. जाणाऱ्याचं सगळं करायचं ते आम्ही केलं आणि आत्यांना जेवढं रडायचं होतं तेवढं त्या रडल्या, कारण त्या दिवसानंतर त्यांना कुणी फसवलेलं नव्हतं. पण त्या आठवणीपेक्षा माझ्या मनात घट्ट बसलेली संध्याकाळ आहे ती त्याआधीच्या, त्या दिवाळीनंतरच्या तुळशीच्या लग्नाची.

शेक संपला होता. त्या दिवशी दुपारी मामा आरामखुर्चीतून उठले आणि सहज म्हणावं तसं म्हणाले, "जरा पडतो." आधाराला कुणाला हाक न मारता आतल्या खोलीत गेले, कॉटवर बसले आणि हळूहळू, जणू पाण्यात उतरावं तसे, पाठ टेकून आडवे झाले. आत्या दारात उभ्या होत्या. जरा वेळाने घोरण्याचा आवाज आला. आत्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता.

संध्याकाळी अंगणात तुळशीला ऊस बांधला, चिंचा-आवळे ठेवले. मालूताई आल्या, ईश्वरा आला, शशिकांत कारखान्यातून सुट्टी काढून आले, शेजारपाजार जमला. लग्न लावायला भटजी जोशीकाका अंतरपाटाची शाल घेऊन आले. खाकरून त्यांनी पहिली ओळ उचलली मात्र, आत्या उंबऱ्यातून धावत आल्या.

"हळू!"

"काय झालं, वहिनी?"

"हे निजल्यात. आडवं. हळू म्हणा."

"अहो, मंगलाष्टका आहेत त्या. हळू कशा म्हणायच्या?"

"कानात सांगितल्यासारख्या म्हणा."

"मग लग्न लागलं हे देवाला कळायचं कसं?"

"देव जागा हाय," आत्या म्हणाल्या. "हे निजल्यात."

आणि मग त्या अंगणात असं एक लग्न लागलं की तसं पुन्हा कधी लागायचं नाही. शशिकांतनी आणि ईश्वराने शालीची दोन टोकं धरली. जोशीकाका मान खाली घालून, तोंडाशी हात धरून, मंगलाष्टका कुजबुजू लागले. एरवी त्यांचा आवाज चौकापर्यंत जायचा; आज त्यांच्या कपाळावर घाम आला होता. प्रत्येक कडव्याला ते 'सावधान' म्हणायचे ते असं की चोर भिंतीपलीकडे असावा. लोक अक्षता टाकत नव्हते, तुळशीवर ठेवत होते. मालूताईंना मध्येच शिंक आली तर त्यांनी पदराचा बोळा तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. फटाक्यांची माळ घेऊन आलेले दोघे ती ओढ्यापलीकडे जाऊन वाजवून आले. शेवटी टाळ्या वाजवायच्या तेव्हा सगळ्यांनी आत्यांकडे पाहिलं. "मनात वाजवा," त्या म्हणाल्या. तीस-चाळीस माणसं हात जोडून, गाल फुगवून, मनात टाळ्या वाजवत उभी राहिली. शशिकांत हसत होते. मग पाहिलं तर शालीचं टोक डोळ्यांना लावून रडत होते.

तेवढ्यात आतून आवाज आला. "लग्न लागलं का गं?"

सगळं अंगण जागच्या जागी थिजलं. आत्या आत धावल्या, मी त्यांच्यामागे दारापर्यंत गेले.

"लागलं," आत्या म्हणाल्या.

"वाजलेलं काही ऐकू आलं नाही."

"झोपा तुम्ही."

"झोपू?"

"झोपा म्हणतीया न्हवं."

मामांनी पाय जवळ घेतले. एक हात उशीखाली सारला. आणि सावकाश, अगदी सावकाश, ते डाव्या कुशीवर वळले. आत्यांनी श्वास रोखला होता. मीही रोखला होता. कळ आली नाही. मामांनी एकदा खांदा सैल सोडला, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले आणि त्यांना झोप लागली.

मागे अंगणातून जोशीकाका चवड्यांवर चालत आले आणि माझ्या खांद्यावरून त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "वहिनी, आता प्रसाद वाटू का?"

आत्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "मला ह्ये बघू द्या."